नाणेघाटात पोटावर झोपून बघितलं तेव्हा

घाट म्हणजे आम्हा ड्रायव्हर लोकांना गिअर. कुठला चढ सेकंडला घ्यायचा, कुठल्या वळणावर एसटीवाला दाबत येतो, पावसात दरड कुठे येते आणि चहा कुठे बरा मिळतो, एवढं माहिती असलं की झालं. व्ह्यू बघायचं काम मागे बसलेल्यांचं. ड्रायव्हरने व्ह्यू बघायला सुरुवात केली तर मागच्यांचं काय होईल ते सांगायला नको.

मी मूळचा ओतूरकडचा, आता हडपसरला असतो, वय ५७, स्वतःची टेम्पो ट्रॅव्हलर आहे. त्याच्या आधी बरीच वर्षं दुसऱ्याचा टेम्पो चालवला, नारायणगावला टमाट्याचे क्रेट भरायचे आणि रात्री माळशेज उतरून कल्याणच्या मार्केटला पहाटेच्या आत पोचायचं, उशीर झाला की भाव पडला आणि शेठ बोलला. त्यामुळे सह्याद्री मला पाठ आहे असं मी छातीठोक सांगायचो.

मागच्या ऑक्टोबरात एका कॉलेजच्या जिऑलॉजीच्या पोरांचं भाडं मिळालं. जुन्नर, नाणेघाट, एका दिवसात परत पुणे. सोबत दोन मॅडम आणि एक रिटायर झालेले सर, सत्तरी ओलांडलेले, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं पण बोलायला लागले की थांबायचं नाव नाही. सकाळी नारायणगावच्या पुढे बोरीला गाडी थांबवायला सांगितली, कुकडीच्या काठावर. मला वाटलं पोरांना चहा नाश्ता असेल, तर सगळे खाली उतरून नदीच्या काठाची माती खरवडायला लागले. तिथे मातीत एक पांढुरका पट्टा आहे, सरांनी त्यातली चिमूटभर माझ्या हातावर ठेवली, म्हणाले ही राख आहे, सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीची, तिथून हवेतून इथे आली. बोटावर चोळली तर बारीक कणी लागते, सर म्हणाले काच आहे ती. मी मान हलवली आणि हात पँटला पुसला. बोरी काय मला नवीन नाही, पाहुणे आहेत तिथे आमचे, कोणी कधी असलं काही बोललं नव्हतं.

मग जुन्नर, चावंड करत घाटघरला. नाणेघाटाचं म्हणाल तर मला तिथला फक्त पावसाळा माहिती, शनिवार रविवारची गर्दी, तो उलटा उडणारा धबधबा बघायला आलेली पब्लिक, पार्किंगवरून भांडणं, ओले कपडे घालून सीटवर बसणारे. धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही, आणि आम्ही गाडी सोडून जात नाही, सामान असतं पोरांचं. ऑक्टोबरात तिथे चिटपाखरू नव्हतं. गवत पिवळं पडायला लागलेलं, हवा एकदम स्वच्छ.

पोरं आधी गुहेत गेली, सातवाहनांची, नागनिका राणीचा ब्राह्मीतला लेख आहे तिथे. बाहेर दगडाचा मोठा रांजण, त्यात म्हणे व्यापाऱ्यांकडून जकात गोळा करायचे, कल्याण सोपाऱ्याच्या बंदरातून माल यायचा तो याच वाटेने जुन्नरला. म्हणजे टोलनाका दोन हजार वर्षं जुना, फास्टॅग तेवढा नव्हता. मी सीटवर आडवा व्हायच्या तयारीत होतो तर सर आले आणि म्हणाले मला नानाच्या अंगठ्यावर, म्हणजे घाटाच्या डोक्यावरच्या त्या कड्याच्या टोकावर जायचंय, पोरं पुढे पळतात, तुम्ही हात धरायला चला. गाडी लॉक केली आणि निघालो, नाही कसं म्हणणार.

मागच्या बाजूने चढ सोपा आहे, गवताचा उतार. पण तो वर जातो आणि एकदम संपतो. संपतो म्हणजे पुढे काहीच नाही. सर कडेच्या चार-पाच हात आधीच खाली बसले, मग पोटावर झोपले आणि सरपटत पुढे गेले, त्या वयात, त्या गुडघ्याने. म्हणाले उभं राहून बघायचं नाही, वारा फसवतो, झोपा. मी झोपलो आणि डोकं बाहेर काढलं.

पोटात खड्डा पडला. दोन हजार फुटांच्या वर सरळ खाली. पाकोळ्या सुंईकन जात होत्या, आणि एक घार आमच्या खाली फिरत होती, मला तिची पाठ दिसत होती. आयुष्यात घारीचं पोटच बघितलेलं. आणि तिच्याही खाली, पार खाली, एक बारीक रेघ, तिच्यावर काहीतरी हळूहळू सरकतंय. मी विचारलं ते काय, तर एक पोरगा म्हणाला काका तो कल्याण नगर हायवे, माळशेज उतरून जातो तो, वैशाखरे टोकावडे गावांचा.

माझा रोड. टमाट्याचा. त्या रेघेवरून मी किती रात्री गेलो असेन, हेडलाइटच्या उजेडात पुढचा पन्नास फूट रस्ता बघत, आणि हे सगळं वर अंधारात उभं होतं. मान वर करून कधी बघितलं नाही असं नाही, दिवसापण गेलोय, पण डोंगर आहे एवढंच बघितलं.

सर झोपल्या झोपल्याच पोरांना शिकवत होते. समोर जीवधन किल्ला आणि त्याच्या बाजूचा वानरलिंगी सुळका, त्या कड्यावर आडवे पट्टे दिसतात, पट्टा म्हणजे लाव्हाचा एकेक थर. शंकूसारखा ज्वालामुखी नव्हताच, जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि लाव्हा त्यातून येत राहिला, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, थरावर थर. आज उरलाय तोच ५ लाख चौरस किलोमीटर. डायनासोर गेले तोच काळ. मग सरांनी हात लांब करून दाखवलं, हा पट्टा बघा, आता पलीकडच्या डोंगरावर बघा, त्याच उंचीला तोच पट्टा. म्हणजे हे सगळं एकेकाळी जोडलेलं होतं, मधलं पाण्याने नेलं.

ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला तो खरा. तोपर्यंत उंचीची भीती होती, म्हणजे शरीराची. हे वेगळं. मी त्या मधल्या मोकळ्या जागेकडे बघत होतो आणि तिथे डोंगर होता हे डोक्यात बसत नव्हतं. नुसत्या पावसाने नेला. पुढे सर म्हणाले आपण झोपलोय तिथे पाऊस पडला तर पुढचं पाणी काळू नदीला जाऊन टिटवाळ्यावरून उल्हासला मिळतं आणि अरबी समुद्रात, मागे हातभर अंतरावर पडलेलं कुकडी, घोड, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागरात. समुद्र समोर शंभर किलोमीटरवरही नाही आणि ते पाणी अख्खा देश ओलांडून जातं.

लोक म्हणतात अशा ठिकाणी माणसाला आपण किती छोटे ते कळतं. मला नाही तसं वाटलं. छोटं वाटायची मला सवय आहे, शेठसमोर, पोलिसासमोर, बँकेत हप्ता थकल्यावर. त्यात कोणीतरी तुम्हाला छोटं करत असतं. इथे कोणीच काही करत नव्हतं, त्या कड्याला माझं काही देणंघेणं नव्हतं आणि तेच बरं वाटत होतं. डोळ्यात पाणी आलं, वारा होता म्हणून कोणाला कळलं नसेल.

सरांना विचारलं तुम्ही कधीपासून येताय. म्हणाले कॉलेजात असल्यापासून, पण तेव्हा दगड बघायचो, नोट्स काढायचो, हे असं व्हायला लागलं पन्नाशीनंतर. पोरांकडे बघितलं तर दोघं तिघं खरंच गप्प होते, बाकी सेल्फी. त्यांना नावं ठेवत नाही, पंचविशीत मला इथे आणलं असतं तर मी पण टमाट्याचा भाव मोजत बसलो असतो. सर म्हणाले उठूया का, मी म्हणलं पाच मिनिटं. पाचाची वीस झाली, पोरं खालून हाका मारायला लागली.

दिवाळी झाल्यावर मधल्या वारी बायकोला घेऊन गेलो. डबा बांधून. ती कडेपासून लांब बसली, म्हणाली अहो तुम्ही पुढे जाऊ नका, एवढं काय बघायचंय त्यात. मी काही बोललो नाही. मग बसल्या बसल्या थोडी पुढे सरकली, मग अजून थोडी, शेवटी पदर खोचला आणि सरळ पोटावर झोपली. मी पट्टे दाखवले, पाण्याचं सांगितलं, तिने ऐकलं का नाही माहिती नाही. दोन वाजले, तीन वाजले, संध्याकाळी मला एअरपोर्टचं भाडं होतं, म्हणलं चल आता. ती म्हणाली थांबा हो जरा. मी दुसऱ्या एका ड्रायव्हरला फोन लावला आणि भाडं त्याला देऊन टाकलं.