मऊ भात

मे महिना, लग्नाची दाट तिथ. रात्री साडेदहाला दादरच्या एका हॉलमधून कॅटररचा फोन आला, "सहाशे ताटं सांगितली होती, चारशेच उठली. येताय का?" उरलेलं अन्न उचलून गरजूंपर्यंत पोचवणाऱ्या एका गटात मी गाडीचं काम बघते. लग्नसराईत असे फोन रोजचेच. कमी पडलं तर घराण्याचं नाव जाईल म्हणून यजमान ताटं वाढवून सांगतात, आचारी त्यावर आणखी हात सैल सोडतो, आणि पाहुण्यांना त्याच दिवशी तीन लग्नं गाठायची असतात.

हॉलच्या मागे टोप ओळीने लावले होते. मी थर्मामीटर काढला. आमचा नियम साधा आहे : गरम पदार्थ ६० अंशांच्या वर असेल तर घ्यायचा, त्याखाली उतरून दोन तास झाले असतील तर नाही. मसालेभाताच्या टोपाच्या पोटात ६४ निघाले. पुऱ्या नि जिलब्या कोरड्या, त्यांची हरकत नव्हती. बटाट्याची रस्साभाजी मात्र ४१ वर आली होती; आठ वाजल्यापासून ती काउंटरवर उघडी होती. दह्यातल्या कोशिंबिरीचीही तीच गत.

नवरीचे आजोबा काठी टेकत आले. "भाजी का ठेवलीत? अन्न पूर्णब्रह्म असतं, पोरी. भुकेल्याला काय ४१ नि काय ६०?"

मी म्हटलं, "आजोबा, हे जेवण टाटा हॉस्पिटलसमोरच्या फुटपाथवर जातं. केमोने पेशंटच्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात. आपलं पोट एक दिवस बिघडेल, तिथे त्यांच्या जिवावर बेतेल."

ते काही बोलले नाहीत. भाजी ओल्या कचऱ्याच्या पिंपात ओतून होईपर्यंत तिथेच उभे राहिले. मीही राहिले. सहा वर्षांत मला या पिंपाची सवय झालेली नाही. पण भुकेल्याला काहीही चालतं हे मला मान्य नाही. भात कोमट राहिला तर त्यात वाढणाऱ्या एका जिवाणूचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये नियम केले, ते उगाच नाहीत.

परळला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. तरी माणसं जागी होती. जळगाव, बिहार, बंगाल, कुठून कुठून आलेली. धर्मशाळेत नंबर लागेपर्यंत ताडपत्रीखाली राहणारी. १० रुपयांची शिवभोजन थाळी दुपारची असते, रात्रीची सोय ज्याची त्याने बघायची. रेशनवर तांदूळ मिळाला तरी फुटपाथवर तो शिजवायचा कशावर?

रांगेत लातूरकडच्या एक बाई होत्या. द्रोण हातात घेऊन त्या थांबल्या. "ताई, लई तिखट हाय का हो ह्यो भात? ह्यांचं तोंड समदं सोललंय. शेक चालू हायेत." शेक म्हणजे रेडिएशन.

मसालेभातात काळा मसाला, लवंग, मिरची, काजू. मी नुसती बघत राहिले. त्यांनी स्वतःपुरत्या चार पुऱ्या घेतल्या आणि नवऱ्यासाठी एक जिलबी पाण्यात भिजत घातली.

त्या जिलबीने मला रात्रभर झोपू दिलं नाही. आम्ही जे उरतं ते आणत होतो. समोरच्याला काय गिळता येतं हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यात मी पहिली.

सकाळी लालबागच्या पोळीभाजी केंद्रातल्या ताईंना फोन केला. त्यांच्या सासूबाई गिरणी कामगारांची खानावळ चालवायच्या. अशाच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. रोजच्या ठरलेल्या माणसांना त्यांच्या चवीचं जेवू घालायचं, ही त्या गल्ल्यांची जुनी सवय.

"मऊ भातच ना? किती जणांचा?" त्यांनी विचारलं.

आकडा माझ्याकडे नव्हता. दुपारी वही घेऊन गेले आणि ताडपत्रीगणिक विचारत फिरले. चावता न येणारे १९ निघाले. कुणाला नुसती पेज हवी, कुणाला वरण चालेल पण हिंग नको. एका आजींनी दोनदा बजावलं, मीठसुद्धा झोंबतं म्हणून. ताईंनी सगळं लिहून घेतलं. तांदळाचे पैसे विचारले तर म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यापासून बघू. आज राहू दे."

संध्याकाळी सातला स्टीलचा कॅन उतरवला. सवयीने थर्मामीटर घातला, ७१ अंश. लातूरच्या बाईंना पहिली वाटी दिली. त्यांनी बोटाच्या मागच्या बाजूने भात चाचपला, वाटी मांडीवर ठेवली आणि हॉस्पिटलच्या फाईलने वारा घालायला लागल्या.

"जरा निवू द्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

तो वाटीकडे बघत बसला होता.