सही जुळत नाही

गेल्या महिन्याभरात ओळखीच्या चार घरांतून फोन आले. लकव्यानंतर यांच्या हाताची ती मशीनवरची थेरपी कशी मिळाली, कितीला पडली, फरक पडला का? प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहिते. पण बँकेचं सांगितल्याशिवाय मला थेरपीकडे वळताच येत नाही.

डिसेंबरात एका पहाटे हे उठले ते उजवी बाजू लुळी घेऊनच. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. लकवा झोपेत कधी मारला हेच कळायला मार्ग नव्हता, म्हणून ते हुकलं. नागपुरात धंतोलीतल्या हॉस्पिटलात ११ दिवस ॲडमिट, मग घर. पाय महिन्याभरात चालता झाला. हाताची मूठ मात्र वळलेली ती वळलेलीच.

डॉक्टर म्हणाले होते की मेंदू पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात भराभर सावरतो, हे दिवस दवडू नका. त्यातले १९ दिवस बँकेने खाल्ले.

रामदासपेठेतल्या एका सेंटरमध्ये हाताला चढवायचं यंत्र आहे, एका सेशनचे १३०० रुपये, निदान ३० सेशन करा, असं ठरलं. माझ्या खात्यातले पैसे हॉस्पिटलच्या बिलात गेले होते. पेन्शनचं खातं आणि एफडी, दोन्ही यांच्या एकट्याच्या नावावर. एटीएमचा पिन यांना आठवेना, तीनदा चुकला आणि कार्ड बंद पडलं. नव्या कार्डाच्या अर्जावरही सहीच लागते.

पहिल्या दिवशी मी एकटी गेले, डॉक्टरांचा दाखला घेऊन. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "खातेदारांना आणावं लागेल." ठीक आहे, नियम असेल. दोन दिवसांनी ऑटो करून यांना घेऊन गेले. शाखा पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ऑटोवाल्याने मदतीला म्हणून यांचा उजवा हात धरून ओढला तेव्हा मी ओरडलेच. लकव्याच्या हाताचा खांदा सैल झालेला असतो, ओढला तर सांधा निखळू शकतो. तुमच्या घरी कुणी असेल तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला आधीच बजावून ठेवा, हात ओढू नका, कमरेला आधार द्या म्हणून. शेवटी बँकेच्या गार्डने प्लास्टिकची खुर्ची आणली आणि दोघांनी मिळून खुर्चीसकट वर नेलं.

वर फॉर्म पुढे आला. हे डाव्या हाताने सही करायला गेले तर तो मुलगा म्हणाला, "नेहमीच्या हाताने करा, नाहीतर जुळणार नाही." यांनी डाव्या हाताने उजव्या बोटांत पेन कोंबला, आणि सगळा दंड सरकवत रेघ ओढली. जुळत नाही. दुसरा फॉर्म. जुळत नाही. असे पाच फॉर्म झाले. मागे रांग होती, लोक बघत होते. हे हेडमास्तर होते हो. मुलांच्या दाखल्यांवर ३१ वर्षं त्याच हाताने सह्या केल्या. पाचव्या फॉर्मनंतर यांनी काउंटरवरचे सगळे फॉर्म डाव्या हाताने गोळा केले, खिशात घातले आणि मला म्हणाले, "चल." तेवढा एक शब्द त्या दिवशी स्पष्ट आला.

तिसऱ्या खेपेला मी विचारलं, अंगठा चालेल का? "शिकलेल्या माणसाचा अंगठा घेता येत नाही." चौथ्या खेपेला मॅनेजर ट्रेनिंगला. गार्डच खालून म्हणाला, "काकू, साहेब सोमवारपर्यंत येऊन नाही राहिले." दुसऱ्या एका टेबलावर कुलमुखत्यारपत्र आणायला सांगितलं. अहो, त्यावर तरी सही कुणी करायची? रोज संध्याकाळी मी कॅलेंडरकडे बघायची आणि माझ्या पोटात खड्डा पडायचा.

माझा भाचा कोर्टात ज्युनिअर वकील आहे. त्याने रिझर्व्ह बँकेच्या सूचना छापून आणून दिल्या. त्यांत स्पष्ट लिहिलंय की आजारपणामुळे ज्याला सही करता येत नाही, त्याच्या हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याच्या ठशावर पैसे देता येतात. बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी हवा. ठसाही शक्य नसेल तर साधी खूणसुद्धा चालते. शिकलेला की अडाणी हा प्रश्नच त्यात नाही. पाचव्या खेपेला मॅनेजरसमोर तो कागद ठेवला. ते शांतपणे वाचत बसले, मग म्हणाले, "हो, करता येतं." २० मिनिटांत झालं. साक्षीदार म्हणून आमच्या शेजारचे काका, त्यांचं खातं तिथलंच.

आणि अंगठा कोणता घेतला? डावा. पुरुषांचा डावाच घेतात. म्हणजे त्या लुळ्या हाताला रांगेसमोर पाच वेळा फरफटवायची काही गरजच नव्हती. हे मला अजून गिळता आलेलं नाही.

थेरपी सहावा आठवडा संपताना सुरू झाली. यंत्र म्हणजे बोटांवर चढवायचा सांगाडा. कोपराखाली त्वचेवर चकत्या चिकटवतात. आपण बोटं उघडायचा प्रयत्न केला की स्नायूतला विजेचा बारीकसा इशारा त्या पकडतात आणि मग मोटर बोटं उघडते. थेरपिस्ट मुलगी सारखी म्हणायची, "काका, आधी तुम्ही उघडा, मग मशीन." यंत्राने नुसता हात हलवून घेतला आणि माणूस छताकडे बघत बसला तर उपयोग थोडा. एका सेशनला किती वेळा बोटं उघडली त्याचा स्क्रीनवर २८६ आकडा आला तेव्हा हे दिवसभर तो सांगत होते. हाताने व्यायाम करून घेताना आम्ही ३०-४० वर थकत होतो.

डोळ्यांवर चढवला की आपण खेळाच्या आतच आहोत असं वाटायला लावणारा व्हर्च्युअल रिॲलिटीचा चष्माही असतो, तो पहिल्या दिवशी यांना झेपला नाही, गरगरलं. मग मोठ्या पडद्यावर तोच खेळ, फळ उचलून टोपलीत टाकायचं. आठवड्याने चष्मा जमला. नंबरचा चष्मा सोबत ठेवा, पोट गच्च भरून जाऊ नका.

जादू समजून मात्र जाऊ नका. थेरपिस्टनेच सांगितलं की ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला, आणि यंत्राच्या थेरपीने हाताचं काम नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त सुधारलं असं त्यात दिसलं नाही. पडद्यावरच्या खेळांचंही तसंच, नेहमीच्या व्यायामात भर म्हणून केले तर फायदा. म्हणून घरी रोज दोनदा, तासभर, वाटीतले राजमे दुसऱ्या वाटीत टाकणं, टॉवेल पिळणं सुरूच ठेवलं. वेल्लोरचं सीएमसी आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून हातासाठी प्लूटो नावाचं छोटं यंत्र बनवलंय. तसलं काही जवळपास मिळतं का तेही विचारा, परदेशी यंत्रांचे दर अंगावर येतात.

हाताच्या चाचणीत ६६ पैकी १९ होते, ३० सेशननंतर ३४ झाले. स्टीलचा रिकामा पेला धरतात, पिशवी अडकवतात, दाराची कडी काढतात. शर्टाचं बटण अजून नाही. ते १९ दिवस मिळाले असते तर किती झाले असते, हा हिशोब मी करू नये असं हे म्हणतात. मी करते.

एक राहिलंच. ७० वर्षांवरच्या आणि आजारी, अपंग खातेदारांना घरी येऊन सेवा द्या असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलेलं आहे, तसा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आणि डॉक्टरांच्या दाखल्यात दोन वाक्यं हवीतच. उजव्या हाताने सही करता येत नाही हे एक, आणि रुग्ण शुद्धीवर असून त्यांना व्यवहार समजतात हे दुसरं. आमच्या पहिल्या दाखल्यात दुसरं नव्हतं, तेवढ्यासाठी मला धंतोलीला परत जावं लागलं.