बाबांचे अतिदक्षता विभागातले सतरा दिवस

मेंदूतील रक्तस्रावानंतर बाबांना अतिदक्षता विभागात दाखल केले, तेव्हापासून सतरा दिवस मी त्या दाराबाहेरच्या बाकावर काढले. उपचारांत काही उणे राहिले असे मी म्हणणार नाही. उणे राहिले ते बोलणे. दिवसातून दोनदा दहा मिनिटांची भेट, दर पाळीला नवे डॉक्टर आणि प्रत्येकाचे तेच उत्तर, "पेशंट सिरियस आहे." बाबा यातून उठतील का, हे विचारण्याचे धैर्य मला होत नव्हते आणि आपणहून सांगायला कोणी थांबत नव्हते.

नवव्या दिवशी विभागाच्या प्रमुख डॉक्टरांनी आईला, काकांना आणि मला समोर बसवून पाऊण तास सगळे सांगितले. बाबा शुद्धीवर येण्याची आशा नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार अशा रुग्णाचा कृत्रिम श्वास थांबवता येतो आणि २०२३ मध्ये ती प्रक्रिया सुलभ झाली आहे, हे मला तेव्हा प्रथम कळले. शुद्ध हरपल्यास कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारे वैद्यकीय इच्छापत्र बाबांनी केलेले नव्हते, त्यामुळे आमची लेखी संमती, रुग्णालयातील तीन डॉक्टरांचे प्राथमिक मंडळ, त्यानंतर शासननियुक्त डॉक्टर असलेले दुसरे मंडळ आणि शेवटी दंडाधिकाऱ्यांना सूचना, असा क्रम होता. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे असे अपेक्षित असताना, दुसरे मंडळ जमायलाच पाच दिवस गेले. त्या काळातही बाबांना रोज रक्ततपासणीसाठी सुया टोचल्या जात होत्या, आणि त्या तरी थांबवा, हे मला सांगावे लागले.

सही करताना आई म्हणाली, "मीच यांना मारतेय का हो?"

"नाही, आई. मशीन चालू ठेवलं तरी ते परत येणार नाहीत. काढल्यावर त्यांना धाप लागू नये, म्हणून औषध मी आधीच देणार आहे," डॉक्टर म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी भेटीच्या वेळेचे बंधन नव्हते. सिस्टरांनी बाबांची दाढी केली, पडदे ओढले, मॉनिटरचा आवाज बंद केला. मॉर्फीन सुरू झाल्यावर नळी काढली. आईने त्यांच्या ओठांवर गंगाजलाचे थेंब सोडले आणि तुळशीचे पान ठेवले. काका हळू आवाजात हरिपाठ म्हणत होते. चाळीस मिनिटांनी श्वास थांबला.

महिन्याभराने रुग्णालयाचा अभिप्रायाचा अर्ज आला. त्यात स्वच्छता, कँटीन आणि बिल यांविषयी प्रश्न होते. मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहिले, "बाबांना शेवटी त्रास झाला नाही, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु नवव्या दिवशीचे बोलणे तिसऱ्या दिवशी व्हायला हवे होते."