ओझरहून दिल्ली, कसारा घाट न उतरता

नाशिककराला सकाळचं विमान म्हणजे रात्रीचा कसारा घाट. दोन वाजता गाडी काढायची आणि भिवंडीच्या आसपास ट्रकांमागे घड्याळ बघत बसायचं. या जानेवारीत दिल्लीला भाचीचं लग्न होतं. मुंबईचं तिकीट थोडं स्वस्त मिळत होतं, तरी मुद्दाम ओझरचं, म्हणजे नाशिकच्याच विमानतळाचं काढलं. टॅक्सी, टोल आणि मोडलेली झोप धरली तर एकट्यादुकट्याला ओझरच परवडतं. चौघं एका गाडीतून जाणार असाल तर मात्र कागद-पेन घेऊन बसा.

मुंबई-आग्रा महामार्गावर दहाव्या मैलाला जानोरीकडे वळायचं. टर्मिनल लहान आहे, पण नीटनेटकं. बॅग देऊन, तपासणी उरकून मी पंधरा-वीस मिनिटांत खुर्चीत होतो. तरी अगदी वेळेवर पोचण्याचं धाडस करू नका. एकाच विमानाची सगळी माणसं एकदमच येतात आणि रांग अचानक वाढते. खाण्यापिण्याची फार अपेक्षा नको, घरून पोळीभाजी खाऊन निघालेलं बरं. धावपट्टी एचएएलची, म्हणजे संरक्षण खात्याच्या कारखान्याची आहे. तेव्हा मोबाइल काढून फोटोंचा सपाटा लावण्याआधी तिथल्या जवानाला विचारा.

मिग आणि नंतर सुखोई बनवणाऱ्या कारखान्यासाठीची ही धावपट्टी तब्बल 3 किलोमीटरची. टर्मिनल 2014 मध्ये झालं, पण विमानं येईनात. उडान योजनेत डिसेंबर 2017 ला एअर डेक्कनचं 19 आसनी विमान मुंबई-पुण्याला सुरू झालं आणि बंदही पडलं. 2018 मध्ये जेट एअरवेजने दिल्ली जोडली. 2019 च्या एप्रिलमध्ये कंपनीच बसली. उडानमध्ये सरकार काही आसनांचं भाडं मर्यादित ठेवतं आणि कंपनीची तूट साधारण तीन वर्षं भरून देतं. त्या मुदतीत लोकांना सवय लागली नाही की विमान जातं. आणि वेळापत्रक दर हंगामाला बदलत असेल तर सवय लागणार कशी? मार्च 2023 पासून इंडिगो आल्यावर थोडी स्थिरता आली, एवढं मान्य करायला हवं.

तिकडे मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिथं विमान उतरवायला वेळ मिळणं मुश्किल, आणि आमच्या ओझरला दिवसातला बराच वेळ धावपट्टी मोकळी. नवी मुंबईचा विमानतळ झाला म्हणून हा प्रश्न मिटत नाही. नाशिकच्या माणसाला तिथं जायलाही घाट उतरावाच लागतो. मला विचाराल तर ओझरला नव्या इमारतीपेक्षा दिल्ली-बेंगळुरूसारख्या शहरांना सकाळी एक आणि संध्याकाळी एक असं पक्कं विमान हवं. सकाळी जाऊन काम उरकून रात्री परत येता आलं, तर सातपूर-अंबडचे कारखानदार आपोआप येतील. आत्ता एका बैठकीसाठी मुक्काम पडतो, म्हणून ते मुंबईच गाठतात.

जाताना विमान वेळेवर सुटलं, दोन तासांत दिल्ली. परतीच्या दिवशी दिल्लीत धुकं. मुंबईच्या प्रवाशांना कंपन्या पुढच्या विमानात बसवत होत्या, कारण पुढचं विमान होतं. आमचं त्या दिवसाचं एकच, त्यामुळे ते उडेपर्यंत बसून राहण्याशिवाय इलाज नव्हता. ओझरहून जाणाऱ्याने हे पक्कं लक्षात ठेवावं: डिसेंबर-जानेवारीत त्याच संध्याकाळचं लग्न किंवा मुलाखत ओझरच्या विमानावर ठेवू नये, आदल्या दिवशी जावं. दिल्लीहून पुढचं विमान पकडायचं असेल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं असतील आणि पहिलं विमान लांबलं, तर दुसऱ्याचे पैसे बुडाले म्हणून समजा.

विमान रद्द झालंच तर कंपनीने दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा द्यायला हवा. पण काउंटरवर भांडत बसण्यापूर्वी रेल्वेचं बघा. मुंबई-दिल्ली राजधानी नाशिकरोडला थांबते. संध्याकाळी बसलं की सकाळी दिल्ली, आणि तत्काळमध्ये जागा मिळाली तर मिळाली.

परत आल्यावर दाराशी रिक्षांची रांग दिसेल या भरवशावर राहू नका. येणारी गाडी आधीच सांगून ठेवा, आणि भाडं दोन्ही बाजूंचं ठरवून घ्या. रिकामं परत जावं लागतं म्हणून चालक जास्त मागतात, त्यात त्यांचंही चूक नाही. 2027 च्या सिंहस्थात तर गाडी आणि तिकीट दोन्ही महिनोन्‌महिने आधी बघावं लागेल.