मुल्कियावर १९९३

वादी कबीरच्या गॅरेजात मला अकरा वर्षं होत आली होती, तेव्हाची गोष्ट. गुरुवारची दुपार. मस्कतात उन्हाळ्यात त्या वेळी बॉनेटला उघडा हात लावायची सोय नसते. एक पांढरी जुनी लँड क्रूझर दारात येऊन थांबली आणि तिच्या मागोमाग करपट वास आला. तापलेल्या ब्रेकचा. माझी उमेदवारी खेडला, कशेडी घाट उतरून आलेल्या गाड्यांखाली झोपून झाली, त्यामुळे हा वास मला झोपेतही ओळखता येईल.

मालक साठीचे ओमानी गृहस्थ. "सदीक (म्हणजे मित्रा), ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, गाडी डावीकडे ओढते. पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड मी घेऊनच आलोय, तू फक्त बसव. उद्या सकाळी घरच्यांना घेऊन जबल अखदरला जायचंय."

जबल अखदर म्हणजे उंच डोंगर, नाव ऐकल्यावर मी जरा सावध झालो. बिरकत अल मौझला पायथ्याशी पोलीस चौकी आहे, तिथून फोर व्हील ड्राइव्हशिवाय गाडी वर सोडत नाहीत. वरचं सैक पठार साधारण २,००० मीटर उंचीवर. चढताना फार तर इंजिन तापतं, खरी परीक्षा उतरताना असते. ब्रेक गेलेली गाडी घुसवता यावी म्हणून उतारावर कडेला मुद्दाम चढत्या वाटा काढून ठेवल्या आहेत, यावरून काय ते समजा.

मुल्किया पाहिला (इथे गाडीच्या नोंदणी कार्डाला मुल्किया म्हणतात). मॉडेल १९९३. डिस्कच्या खोक्यावर लँड क्रूझर ८०, १९९३ ते ९७. कागदाला कागद जुळत होता. मी हाताखालच्या गुहागरच्या पोराला सांगितलं, घे डावीकडून उघडायला.

या गाडीची पुढची डिस्क चाक काढलं की हातात येत नाही. ती हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, मागच्या बाजूने बोल्टने आवळलेली असते. म्हणजे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबतो तो भाग) उतरवा, पुढचा फ्लँज काढा, त्याचे शंकूसारखे वॉशर पितळी हातोडीने ठोकून सैल करा, मग ५४ चा सॉकेट लावून बेअरिंगचे नट खोला, तेव्हा कुठे ग्रीसने माखलेला अख्खा हब बाहेर येतो. एका बाजूला तास-दीड तास सहज जातो. डिस्क चुकीची निघाली तर तेवढाच वेळ परत घालवायचा.

पोराने हब काढला, जुनी डिस्क टेबलावर ठेवली, त्यावर नवी ठेवली आणि मला हाक मारली. नवी डिस्क जुनीच्या कडेबाहेर चहूकडून डोकावत होती.

"मामा, जुनी झिजून लहान झाली असंल."

मी हसलो खरा, पण पोटात गोळा आला. डिस्क झिजते ती जाडीत. तिचा घेर कमी होत नाही.

बॉनेट उघडून फायरवॉलवरची (इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवरची) पाटी फडक्याने पुसली. तिथे ठसठशीत लिहिलं होतं, एफजे ८०. खोक्यातली डिस्क होती एफझेडजे ८० ची. मधला एक झेड नाही, एवढाच फरक. ८० सिरीज १९९० ची. ऑगस्ट १९९२ मध्ये जुन्या ३एफ इंजिनाच्या जागी ४.५ लिटरचं १एफझेड आलं आणि त्याच फेऱ्यात पुढचे ब्रेकही मोठे झाले. ही गाडी त्या बदलाच्या आधी बनलेली आणि नंतर ९३ ची म्हणून विकलेली. टोयोटाचा कॅटलॉग सुटे भाग लावतो ते बनावटीच्या महिन्यावर, नोंदणीच्या वर्षावर नाही. हे मला पाठ होतं, तरी पाटी न बघता मी गाडी उघडायला सांगितली. चूक माझीच.

पण गाडी डावीकडे ओढत होती ती का? म्हणून काढलेले पॅड उजेडात धरले. दोन्हींच्या लोखंडी पाठीच्या कडा ग्राइंडरने घासलेल्या, एक जास्त, एक कमी. आधी कुठल्या तरी गॅरेजात कोणीतरी नव्या मॉडेलचे पॅड घासून जुन्या कॅलिपरमध्ये कोंबले होते. खाचेत ते तिरके बसायचे, ब्रेक सोडला तरी मागे सरकायचे नाहीत आणि डिस्कला चिकटून राहायचे. डिस्कवर निळी झाक होती आणि केसासारख्या बारीक भेगा. तीच डिस्क परत लावावी म्हटलं तर तेही शक्य नव्हतं.

दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "अरे भाई, टोयोटा में सब चलता है." या समजुतीला थोडा आधारही आहे. पुढे आलेल्या १०० सिरीजचे पॅड नंतरच्या ८० च्या कॅलिपरमध्ये छान बसतात, वर जाडही असतात. आम्ही स्वतः कितीतरी गाड्यांना लावलेत. पण एक भाग बसला म्हणून सगळेच बसतील, हे दुकानात बसून बोलायला सोपं असतं.

आमच्या अरबाबने, म्हणजे गॅरेजच्या मालकाने, तोडगा काढला. भंगारातून नव्या मॉडेलचे कॅलिपर आणायचे आणि मोठीच डिस्क चढवायची. मी त्याला चाक दाखवलं. गाडीवर १५ इंची रिम होत्या. मोठा ब्रेक त्यात मावतच नाही, कॅलिपर रिमला आतून घासतं, त्याला १६ इंची चाकं लागतात. "मग थोडं ग्राइंड कर," गाडीचे मालक म्हणाले. मी काही न बोलता ते घासलेले पॅड त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी बोटाने कड चाचपली. जरा वेळाने फोन काढून बाजूला गेले आणि भावाशी चढ्या आवाजात बोलले. मला कळलं ते एवढंच की उद्या भावाची गाडी जाणार.

जाताना मला सलामही केला नाही.

पाटीचा फोटो पाठवून शारजाहून बरोबर डिस्क मागवल्या, त्या रविवारी आल्या. हब उघडलेच होते म्हणून बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरलं. ब्रेक ऑइल काळं पडलं होतं, तेही बदललं. इथे स्टिअरिंग डावीकडे, म्हणून ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढायला सुरुवात सगळ्यात लांबच्या, उजव्या मागच्या चाकापासून. मागच्या एलएसपीव्हीलाही (गाडीतल्या वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह) एअर काढायचा निपल असतो. पोराला ते माहीत नव्हतं. आता आहे.

मोठ्या डिस्क दुकानदाराने परत घेतल्या नाहीत, खोकं फाडलं होतं म्हणाला. गाडीचे मालकही त्या न्यायला आले नाहीत. मागच्या दाराशी दोन्ही एकावर एक ठेवल्यात. पोरगा त्यावर चहाची किटली ठेवतो. त्याला सांगून ठेवलंय, एफझेडजे आली की किटली उचलायची.