फटका मारणाऱ्या पोरासमोर बसले तेव्हा

सायन सोडलं की कुर्ल्याच्या आधी गाडी कधीकधी रेंगाळते. त्या संध्याकाळी मी लेडीज डब्यात दारापाशी उभी होते, हातात फोन. रुळांशेजारच्या पोराने काठीचा फटका मारला. फोन खाली, मनगट मोडलेलं आणि गाडी वेग घेऊन पुढे. मुलुंडला उतरेपर्यंत हात टम्म सुजला होता. प्लेट बसली. पोळी लाटताना अजूनही जोर देता येत नाही, म्हणून आमच्याकडे पोळ्या केंद्रातून येतात.

पोरगा दोन महिन्यांनी दुसऱ्याच कुणाच्या फोनसकट सापडला. वय सोळा, त्यामुळे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं. तिथे एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक बसतात. कागदावर तो ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ होता. आमच्या घरी त्याच्यासाठी जे शब्द वापरले जायचे ते इथे लिहिता येत नाहीत.

एका संस्थेच्या मॅडमचा फोन आला. त्याला भेटाल का? मी म्हटलं, कशाला, चहा पाजायला? त्या चिडल्या नाहीत. १९७४ साली कॅनडातल्या एल्मायरा गावात दोन पोरांनी २२ ठिकाणी नासधूस केली होती. प्रोबेशन अधिकाऱ्याने सुचवलं आणि न्यायाधीशांनी पोरांना, ज्यांचं नुकसान झालं त्यांना भेटायला दारोदार पाठवलं, हे त्यांनी सांगितलं. अशा भेटींची सुरुवात तिथून धरतात. मनात आलं, तिथल्या लोकांना वेळ असेल, मला सकाळची ७:१२ गाठायची असते.

तरी गेले. त्याने मलाच का निवडलं, एवढं विचारायचं होतं.

भेटीआधी तीन बैठका झाल्या, माझ्या एकटीच्या. त्याच्याशी त्या वेगळं बोलत होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, भेटलात म्हणून मंडळातली चौकशी थांबणार नाही, माफ केलंच पाहिजे असं नाही, आणि नको वाटलं तर मधूनच उठा. त्याने केलेलं कबूल केलं नसतं, तर त्यांनी मला विचारलंच नसतं. मग बारीकसारीक प्रश्न. दाराकडे तोंड करून बसणार की पाठ? आधी कोण बोलणार? सोबत कोण? नवरा यायला तयारच होता, पण त्याचा आवाज चढतो. नणंदेला नेलं.

परळच्या त्या खोलीत तो आईबरोबर आला. इतके महिने माझ्या डोक्यात एक धिप्पाड माणूस होता. हा माझ्या खांद्याला जेमतेम लागेल एवढा. पाठ केलेलं सगळं विसरले आणि नुसतं मनगट पुढे केलं.

“हाताला लागलं होतं?”

माझं डोकंच फिरलं. याला माहीतसुद्धा नाही! मॅडमनी त्यालाच बोलू दिलं. तुटक तुटक सांगत होता. गाडी थांबत नाही, फोन पडला की उचलून पळायचं, वर कोण होतं ते बघत नाही. मग मीच का? “तुमचा फोन बाहेर होता.” बस. आणि मी आठ महिने झुरत होते, की आपण थकलेल्या दिसलो, वयाच्या दिसलो, सोपं सावज वाटलो. मला हसू आलं. नणंद घाबरली.

‘सॉरी’ त्याने जमिनीकडे बघून म्हटलं, शाळेतल्या कवितेसारखं. मला ते पटलं नाही आणि मी तसं बोलून दाखवलं.

पोळ्यांचा विषय निघाला तशी त्याची आई म्हणाली, “ताई, मी पोळ्यांचीच कामं करते. तुमच्या करून देते, पैसे नकोत.” डोळ्यांत पाणी आलं, हो म्हणणारच होते. मॅडमनी हळूच थांबवलं. “हे तुमच्यावर नको. त्याने काय करायचं ते ठरवू.” ती बाई गप्प झाली आणि पोराने पहिल्यांदा वर बघितलं.

ठरलं ते असं: गॅरेजमध्ये मिळणाऱ्या पैशांतून दरमहा ३०० रुपये, दहा महिने, संस्थेमार्फत. माझा पत्ता त्याला कळणार नाही. कागदाची एक प्रत मंडळाकडे गेली. माझ्या हॉस्पिटलच्या बिलापुढे ही रक्कम काहीच नाही, पण आकडा त्याने स्वतः सांगितला होता.

तीन हप्ते आले. चौथ्याची तारीख उलटून गेलीय. उद्या मॅडमना फोन लावणार आहे. आलेले तीन त्याने भरले की त्याच्या आईने, तेही विचारणार आहे.