स्टेनगनवरचा शिक्का नेमका कोणाचा?

इंग्लंडमधल्या एका छोट्या लष्करी संग्रहालयात नोंदणीचे काम करत असताना दुसऱ्या महायुद्धातील स्टेनगनच्या नोंदी तपासून नव्याने लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. त्यांतील एका मार्क 2 प्रकारच्या स्टेनगनच्या जुन्या पत्रकावर 'लाँग ब्रँच, कॅनडा, 1943' एवढेच लिहिलेले होते. लाँग ब्रँच हा कॅनडातला शस्त्रांचा कारखाना. ती एक ओळ तपासायला मला तीन आठवडे लागले.

मॅगझीन, म्हणजे काडतुसांची पेटी, ज्या खोबणीत बसते तिच्या वरच्या बाजूला स्टेनचे नाव, प्रकार आणि क्रमांक ठोकलेला असतो. या बंदुकीवर ती अक्षरे काळ्या रंगाच्या थराखाली बुजलेली होती. रंग खरवडणे हा वस्तूवर अन्याय ठरला असता, म्हणून टॉर्चचा झोत अगदी तिरपा धरला आणि पातळ कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल हलकेच फिरवली. तेव्हा 'लाँग ब्रँच' हे नाव, 1943 हे साल आणि शेजारी इंग्रजी 'सी' अक्षरात बाण असलेला कॅनडाचा सरकारी शिक्का कागदावर उमटला. सालातला शेवटचा आकडा 3 आहे की 8 असा क्षणभर संशय आला, पण डावीकडची बाजू मोकळी होती. पत्रक बरोबर निघाले म्हणून मला समाधान वाटले, आणि माझी चूक तिथेच होत होती.

मार्क 2 ची ही खोबण बंदुकीच्या मुख्य नळकांड्याचा अविभाज्य भाग नसते. ती त्याभोवती फिरणारे वेगळे कडे असते; बंदूक वापरात नसताना ते वळवून रिकामी काडतुसे बाहेर पडण्याची खिडकी झाकता येते, आणि दुरुस्तीत ते बदलताही येते. म्हणजे ज्या भागावर सगळी ओळख कोरलेली आहे, तोच भाग दुसऱ्या बंदुकीचा असू शकतो. मार्क 3 मध्ये हा प्रश्न येत नाही, कारण तिथे ही खोबण नळकांड्याला कायमची जोडलेली असते.

शस्त्रांचा परवाना असलेल्या सहकाऱ्याने बंदूक सुटी करून दिल्यावर एकेक भाग पाहिला. बोल्टवर, म्हणजे नळकांड्यात पुढेमागे सरकून काडतूस आत ढकलणाऱ्या भागावर, 'एम' अक्षराने सुरू होणारा संकेतांक होता. युद्धकाळात ब्रिटिश कारखान्यांची नावे गुप्त राहावीत म्हणून त्यांना असे संकेतांक दिलेले असत. 'एम' म्हणजे मिडलंड्स, 'एन' म्हणजे उत्तर आणि 'एस' म्हणजे दक्षिण विभाग. बोल्ट ब्रिटिश होता, खोबण कॅनडाची होती आणि नळकांड्यावर वाचता येईल अशी एकही खूण सापडली नाही.

अशी सरमिसळ दिसली की काही जण लगेच 'बनावट' म्हणून मोकळे होतात. मला ते मान्य नाही. 1940 साली डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिश सैन्याची असंख्य शस्त्रे मागे राहिली, अमेरिकेतून येणारी थॉम्पसन ही सबमशीनगन महाग पडत होती, आणि शेफर्ड व टर्पिन यांनी केलेली स्टेनची रचना मुळातच पत्रे ठोकून आणि वेल्डिंग करून झटपट बनवता यावी अशी केलेली होती. सुटे भाग लहानमोठ्या अनेक कारखान्यांत तयार होत. मार्क 3 तर लाइन्स ब्रदर्स या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने बनवली. लाखोंच्या संख्येने निघालेल्या आणि पुढे लष्करी कार्यशाळांत दुरुस्त झालेल्या बंदुकीचे भाग वेगवेगळ्या ठिकाणचे असणे हाच तिचा खरा इतिहास आहे.

नोंद एका ओळीत असावी, असा संग्रहालयातील वरिष्ठांचा आग्रह होता. मी पेन्सिलीचा ठसा त्यांच्यासमोर ठेवला आणि कोणती खूण कोणत्या भागावर आहे ते दाखवले, तेव्हा त्यांनी भागवार नोंदीला संमती दिली. नव्या पत्रकावर आता असे आहे: मॅगझीनची खोबण, लाँग ब्रँच, 1943; बोल्ट, ब्रिटिश, मिडलंड्स विभाग; नळकांडे, खूण आढळली नाही. 'जुळणीचे ठिकाण' हा रकाना मी कोरा ठेवला आहे.